एकविसावा करार

कामिनीचा हात माउसवर अडकला. खरं तर हा अडकणारा हात नव्हे. बुटीबोरीच्या त्या कापडगिरणीत एकतीस वर्षं या हाताने लोकांचे फॉर्म भरले होते: विम्याचे, वारसाचे, बाळंतपणाच्या रजेचे, आणि ज्यांना सही येत नव्हती त्यांच्या अंगठ्याशेजारचे साक्षीदाराचे. एचआरच्या मॅडमने भरलेला कागद परत येत नाही, हे कारखान्यात सगळ्यांना पाठ होतं, तिला स्वतःलाही. आणि आज दुपारी, सुट्टीत डबा उघडायच्या आधी, आपल्या स्वतःच्या घराचा फॉर्म चटकन उरकून टाकू म्हणून बसली, तर ‘निवासी क्रमांक दोन’ या ओळीशी गाडी थांबली. नाव टाकलं, वामनराव. वय टाकलं, चौसष्ट. पुढचा रकाना, घरमालकाशी संबंध. बाणावर टिचकी मारली तशी यादी उघडली. पती किंवा पत्नी, रक्ताचे नातेवाईक, भाडेकरू, घरकामगार, विवाहाविना सहनिवास. कामिनीने ‘भाडेकरू’ निवडलं, तेही मनात काही न आणता, कारण वीस करारनाम्यांत तेच लिहून झालेलं होतं. तर लगेच खालून दुसरी ओळ वर आली. भाडेकरूचे स्वयंपाकघर स्वतंत्र आहे काय? होय. नाही. आणि त्याखाली, दिलेली माहिती खोटी आढळल्यास काय होईल ते बारीक अक्षरात.

कायदा नवा होता, पण कामिनीला नवा नव्हता. परिपत्रक आलं त्याच दिवशी तिने ते दोनदा वाचलं होतं आणि सुपरवायझरांना बसवून समजावलंही होतं. तिच्या सांगण्यात कधी गुंता नसे. हे बघा, ती म्हणाली होती, तीन माणसांची तीन कामं आहेत. ज्या कामगाराला कंपनी घरभाडं देते त्याच्या खोलीत कोण राहतं, हे मालकाने, म्हणजे कंपनीने, तपासून सही करायची. घर ज्याचं आहे त्याने आपल्या छताखाली कोण-कोण आहे ते एक तारखेच्या आत कळवायचं. आणि लग्न न करता एकत्र राहणाऱ्या दोघांनी तसं आपणहून नोंदवायचं. एवढंच. कोणीतरी मागून हसलं होतं, आणि कामिनीने चष्म्यावरून एक नजर टाकताच ते हसू बंद झालं होतं. तेव्हा तिच्या डोक्यातही आलं नव्हतं, की कंपनीची सही आपली, घर आपलं, आणि तिसरं कलमही आपल्यालाच येऊन चिकटतं. दुसऱ्यांच्या घरात डोकावायची सवय लागली की स्वतःच्या घरावरून माणूस नजर न टाकता जातो. आता स्क्रीनवर ‘होय’ आणि ‘नाही’ शेजारी शेजारी बसले होते. वरच्या मजल्यावर स्वयंपाकघर होतं. ओटा होता, नळ होता, फक्त शेगडीच्या जागी वामनरावांचं नकाशांचं टेबल होतं. त्याला स्वयंपाकघर म्हणायचं का? दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर कामिनीने दोन सेकंदांत उत्तर दिलं असतं.

दारावर टकटक झाली आणि काजल आत आली. कताई विभागातली, कुहीकडची मुलगी, घरी धानाची शेती, चोवीस वर्षांची, कामाला चोख. ती उभीच राहिली. "मॅडम, खोलीमालक म्हणते, कंपनीचा कागद आना, नाही तं एक तारखेले खोली खाली करा." कामिनीने स्क्रीनवरची खिडकी लहान करून स्वतःचा फॉर्म लपवला. "आयुषसोबत राहतेस ना?" "हो. दोन वर्षं झाले." "मग आधी तुम्हा दोघांची नोंद करा. नोंद नसताना कंपनी सही कशी करेल?" काजलने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "लिहून देलं तं घरी पत्र जाते म्हणते." "ते एकवीसच्या आतल्यांचं. तुझं नाही जायचं. मोबाइलवर येईल त्यावर विश्वास ठेवत जाऊ नका." "तरी लिहाची भीती वाटते मॅडम. गावात कसं ना कसं कळतेच. नाही लिहिलं तं खोली जाते." "मग लग्न काहून नाही करत?" हे कामिनीच्या तोंडून निघून गेलं, आणि निघाल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली. हा प्रश्न तिला आजवर इतक्या जणांनी विचारला होता, की विचारणाऱ्याच्या तोंडावर त्या वेळी काय भाव असतो तेही तिला माहीत होतं. तोच आपल्या तोंडावर असणार. काजल मात्र रागावली नाही. "करू ना. आयुषच्या बहिणीचं झालं की करू. तवरक राहाव कुठं?" आणि मग अगदी सरळ, हिशेबाची शंका विचारावी तशी, ती म्हणाली, "तुम्ही काय लिहिलं मॅडम? तुमचंही घर आहे ना नागपूरले."

"मी एकटीच राहते," कामिनी म्हणाली. उत्तर इतकं तयार होतं की ते तिलाही आधी ऐकू आलं आणि मग कळलं. काजलने टेबलावरच्या स्टीलच्या डब्याकडे पाहिलं, मग कामिनीकडे, आणि ‘बरं मॅडम’ म्हणून दार हळूच लावून गेली. डबा त्या दुपारी तसाच राहिला.

स्टाफची बस वर्धा रोडला लागली तरी ते तीन शब्द कानातून जाईनात. कामिनी नेहमीच्या खिडकीशी बसली होती. मी एकटीच राहते. कळमेश्वरला बाबा शेतातून येऊन ओट्यावर पाय धूत आणि म्हणत, पोरीचं घर म्हणजे तिच्या नवऱ्याचं घर. त्यांचं नाव रुपराव, वागायला मायाळू माणूस, मनात काही वाईट नव्हतं. पण कामिनीला ते वाक्य लहानपणीच खुपलं आणि निघालं नाही. अडतिसाव्या वर्षी त्रिमूर्तीनगरातल्या ले-आउटमध्ये तिने स्वतःच्या पगारावर दोन मजले बांधले. गेटवर पाटी लावली, फक्त ‘कामिनी’. आडनावसुद्धा नाही. भाऊ म्हणाला, हे काय दुकान आहे काय वं? ती म्हणाली, घर आहे, माझं. त्या दिवशी जो ताठा पाठीत आला तो अजून होता, आणि त्याचं तिला वाईट वाटत नव्हतं. वर्षभराने वरचा मजला भाड्याने द्यायचा ठरला. पाटबंधारे खात्यातले एक ड्राफ्ट्समन आले, शेहेचाळीस वर्षांचे, सोबत म्हातारी आई. आईच्या आजारपणात लग्नाचं वय निघून गेलेलं. त्यांनी करारनामा पूर्ण वाचला, कलम सातमधली चूक दाखवली, आणि मग सही केली. सही कसली, छापल्यासारखं एकेक अक्षर. चूक दाखवणारा माणूस कामिनीला त्याच दिवशी आवडला होता, पण हे तिने स्वतःला कबूल करायला चांगली तीन वर्षं लावली.

करार अकरा महिन्यांचा. सगळेच तसा करतात. अकरा महिने झाले की दोघं जाऊन नवा करायचे. आई वारली, वरची चूल बंद झाली, भाडं देणं-घेणं दोघांनाही हास्यास्पद वाटू लागलं आणि बंद पडलं, करार मात्र चालू राहिला. पहिल्यांदा लोकांसाठी. शेजारच्या सुभद्राबाईंनी विचारलं तर दाखवायला हातात काहीतरी असावं म्हणून. पुढे लोकांनी विचारायचं सोडलं, तरी हे दोघं जायचे. वामनराव कडक इस्त्रीचा शर्ट घालायचे. कामिनी ठेवणीतली साडी काढायची आणि म्हणायची, एवढं काय, कागदच तर आहे. अंगठे देऊन झाले की सीताबर्डीवर जाऊन दोघं तर्रीपोहे खायचे, आणि वामनराव रुमालाने नाक पुसत म्हणायचे, घरमालकीणबाई, अजून अकरा महिने सहन करा. दर वेळी हेच वाक्य, आणि दर वेळी ती हसायची. इतरांचे लग्नाचे वाढदिवस एका तारखेला खिळलेले असतात. यांचा दिवस दर वर्षी एक महिना मागे सरकायचा. जूनमध्ये सुरू झालेला करार मेच्या रखरखत्या उन्हात आला, मग एप्रिल, मार्च, मग हुरड्याच्या दिवसांत, मग थंडीत, आणि असं करत करत अख्खं वर्ष फिरून पुन्हा एकदा जून. सगळे ऋतू झाले. वीस करार झाले. एकविसावा पुढच्या महिन्यात होता, आणि या खेपेला वामनरावांनी त्याचा विषयही काढला नव्हता.

का काढला नव्हता, हे कामिनीला माहीत होतं. बस छत्रपती चौकाच्या उड्डाणपुलाखाली सिग्नलला थांबली आणि ते सगळं पुन्हा समोर आलं. मार्चमधली सकाळ. वामनरावांच्या छातीत कळ आली, रिक्षा, दवाखाना, स्ट्रेचर. काउंटरवरच्या मुलाने मान वर न करता विचारलं, पेशंटच्या तुम्ही कोण? कामिनी म्हणाली, घरमालकीण. वामनराव चार हात अंतरावर स्ट्रेचरवर पडले होते, डोळे उघडे. ऑपरेशनच्या कागदावर घरमालकिणीची सही चालत नाही, दवाखान्यातले म्हणाले. अमरावतीहून पुतण्या अश्विन येईपर्यंत सव्वादोन तास गेले. सव्वादोन तास कामिनी, जिने हजार माणसांच्या कागदांवर सह्या केल्या, ती बाकावर पर्स मांडीवर धरून बसून राहिली. वामनराव वाचले. डॉक्टर म्हणाले, एक नळी झाली, दुसरीचं दिवाळीनंतर बघू. घरी आल्यावर सगळं पूर्वीसारखं झालं, औषधं, फिरणं, पेपर. फक्त त्या दिवसापासून वामनरावांनी तिला घरमालकीणबाई म्हटलं नाही. एकदाही नाही. कामिनीने ते पहिल्या आठवड्यातच टिपलं होतं आणि गेले सहा महिने टिपलं नसल्याचं सोंग करत होती. आणि आज काजलला पुन्हा तेच. विचारणारा दुसरा, प्रश्न दुसरा, पण माणूस तोच नाकारला. हिंमत हिंमत म्हणून आपण जी मिरवतो ती कुठे गेली, असं तिने स्वतःला विचारलं, आणि बस हलली.

गेट उघडलं तेव्हा वामनराव व्हरांड्यात पाटावर सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी निवडत बसले होते, कोवळी पानं एकीकडे, काड्या दुसरीकडे, दोन्ही ढीग रेषेत. "आली का? चहा ठेवतो," म्हणत ते उठले. टीपॉयवर एक पाकीट होतं. त्यावर कामिनीचं नाव होतं त्याच छापल्यासारख्या अक्षरांत, ज्या अक्षरांत तिच्या डब्यावर, पाण्याच्या बाटलीवर, लोणच्याच्या बरण्यांवर नावं होती. तिने पाकीट उघडलं. मा. घरमालकीण यांस, करारातील कलम नऊनुसार मी एक महिन्याची आगाऊ सूचना देत असून दिनांक अमुकपासून जागा रिकामी करीत आहे. वाचताना कामिनीला आधी राग आला. मग तिने दिनांक पुन्हा वाचला. मग परत राग आला, आणि तो बरा वाटला.

"हे काय आहे?" ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली. वामनराव आधणात साखर टाकत होते. "नोटीस आहे. नरेंद्रनगरात एक खोली पाहिली. लिफ्ट आहे तिथं. डॉक्टर म्हणाले जिने चढू नका." "जिने तुम्ही कवा चढता? चौदा वर्षं झाले, खालीच तं राहून राहिले." वामनरावांनी गॅस बारीक केला. माणूस खोटं बोलण्यात कच्चा होता. "कामिनी, पेपरात वाचलं मी. एक तारखेच्या आत तुले फॉर्म भरायचा आहे. तू खोटं लिहिणार नाही, ते तुले जमत नाही. अन् खरं लिहायले तुले त्रास होईल. मी नसलो तं एकाच नावात फॉर्म भरून होते. संध्याकाळी येत जाईन ना मी चहाले." "काहून? मी सांगितलं होतं का तुमाले?" "सांगाले काय पाहिजे," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच तिच्याकडे वळले. "मार्चात तू काउंटरवर जे म्हटलं, ते मी आयकलं होतं. मले वाईट नाही वाटलं, असं नाही म्हणत मी. वाटलं. मग मी म्हटलं, तिनं जे म्हटलं तेच खरं धरून चालाव. कागदही तेच म्हणते. अन् दिवाळीनंतर दुसरी नळी आहे. अश्विनले आता सांगून ठेवलं, आधीच येऊन बसजो म्हणून."

चहा उतू गेला. दोघांपैकी कोणी गॅस बंद केला नाही, मग कामिनीने केला. तिला खूप वाईट वाटलं, आणि ते तिने लपवलं नाही. डोळ्यांतून पाणी आलं ते पदराने न पुसता तसंच येऊ दिलं. ती म्हणाली, "मले भेव वाटलं होतं." "कायचं?" "त्या पोट्ट्यानं पुढं विचारलं असतं, म्हणजे कोण? मंग मी काय सांगतलं असतं? आपल्या दोघांत त्यासाठी शब्द होता का एक तरी? घरमालकीण हा एकच होता, तोच तोंडात आला." वामनराव ओट्यावरचा सांडलेला चहा फडक्याने टिपत राहिले, काठापासून आत, काठापासून आत. आणि तिथे उभ्याउभ्याच कामिनीला जाणवलं, की आपण आयुष्यभर ज्या ताठ्यावर उभ्या राहिलो त्याला यातलं काहीच बाधत नाही. घर तिचं होतं, तिचंच राहणार होतं. पाटीवर एकच नाव होतं आणि तेही तसंच राहू शकत होतं. लग्न तिने केलं नाही ते तिला नको होतं म्हणून, आणि आजही नको होतं. पण या माणसाला भाडेकरू म्हणणं ही हिंमत नव्हती, ती लपवाछपवी होती. दोन्ही गोष्टी इतकी वर्षं एकाच कपाटात ठेवल्यामुळे एकसारख्या दिसायला लागल्या होत्या. सरकारने विचारायच्या आधी हे आपण आपल्या तोंडाने म्हणायला हवं होतं, याचा तिला संताप आला. सरकारला कोण्या दोन माणसांच्या चुलीशी काय घेणं-देणं, असाही संताप आला. दोन्ही संताप खरे होते. पण बाकावरचे ते सव्वादोन तास तिला परत नको होते, आणि त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नव्हती.

तिने पर्समधून पेन काढलं, नोटीस ओट्यावर ठेवली आणि रजेच्या अर्जावर लिहितात तसं कोपऱ्यात तिरकं लिहिलं, ‘विनंती नामंजूर’. खाली पूर्ण सही केली. वामनरावांनी ते चष्मा वर करून वाचलं. "कारण लिहिलं नाही," ते म्हणाले. "नामंजूर करायले कारण लागत नाही," कामिनी म्हणाली, "बसा इकडं." जेवणाच्या टेबलावर तिने मोबाइलवर फॉर्म उघडला. निवासी क्रमांक दोन. यादी खाली आली. या खेपेला बोट अडकलं नाही. विवाहाविना सहनिवास. निवडल्याबरोबर नवी ओळ आली, एकत्र राहण्यास सुरुवात केल्याचा दिनांक. कामिनी थबकली. पहिल्या कराराची तारीख तिला पाठ होती, पण ती ही नव्हे. त्यांची आई वारल्याचीही नव्हे. ही तारीख तर कुठल्याच कागदावर नव्हती. "आता काय टाकाव," ती पुटपुटली, "अंदाजे टाकून देऊ?"

"सात फेब्रुवारी, दोन हजार अकरा," वामनराव म्हणाले. "सोमवार." कामिनीने मान वर केली. "त्या दिवशी तू वर आली. मी एकट्यापुरता भात लावला होता. तू म्हटलं, एका घरात दोन ठिकाणी शिट्ट्या कायले पाहिजे? अन् माझा कुकर उचलून खाली घेऊन गेली. भातासकट." ते उठले आणि जिन्याकडे निघाले. ती म्हणाली, "जिने नका चढू." "आता चढतो ना. राहतो तिथंच, नियमानं," ते म्हणाले, आणि सावकाश, कठडा धरून वर गेले. खाली आले ते एक गुंडाळी घेऊन. कुहीच्या बाजूच्या एका कालव्याचा जुना नकाशा, टेबलावर पसरला तर डबा-बाटली ठेवून टोकं दाबावी लागली. निळ्या रेघा, उतार, मोऱ्या, आकडे. आणि खालच्या कोपऱ्यात, जिथे ड्राफ्ट्समनची आद्याक्षरं असतात त्याखाली, पेन्सिलीने बारीक: ७.२.२०११, कुकर खाली गेला. कामिनीने ते बोटाने चाचपून पाहिलं. चौदा वर्षं ही नोंद वर पडून होती आणि तिला पत्ता नव्हता. तिने तारीख टाकली, एकदा तपासली, आणि फॉर्म पाठवून दिला.

"म्हणजे आता करार नाही करायचा," वामनराव नकाशा गुंडाळत म्हणाले. आवाजात थोडी हुरहूर होती, ती तिला कळली. "पोहे खायले जायचंच," ती म्हणाली. "शर्टाले इस्त्री करून." ते हसले. "बरं, घरमालकीणबाई." सहा महिन्यांनी तो शब्द घरात परत आला, आणि कामिनी चहा पुन्हा ठेवायला उठली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तिने काजलला बोलावलं. कंपनीचं पत्र तयार होतं, शिक्का होता, सहीसुद्धा झाली होती. फक्त काजल-आयुषच्या नोंदीची एक जागा मोकळी होती. "बस," कामिनी म्हणाली. "काल मी तुला खोटं सांगितलं. मी एकटी राहत नाही. लग्न केलेलं नाही, पण एकत्र राहून चौदा वर्षं झाली. आमची नोंद मी काल केली." हे तिने दार उघडं ठेवून, नेहमीच्या आवाजात सांगितलं. बाहेर टायपिंग थांबलं आणि परत सुरू झालं. काजल खुर्चीच्या टोकावर बसली होती. तिला नवल वाटलेलं दिसत नव्हतं. "ठाऊक होतं मॅडम," ती म्हणाली. "बसमधल्या सगळ्यायले ठाऊक आहे." "ते कसं काय?" काजलने टेबलावरच्या डब्याकडे बोट केलं, झाकणावरच्या रेखीव, छापल्यासारख्या नावाकडे. "असं नाव स्वतःचं स्वतः कोणी लिहिते का मॅडम?"

कामिनीने डब्याकडे पाहिलं. रोज पाहायची, इतकी वर्षं, आणि आज पहिल्यांदा वाचलं. मग तिने कागद काजलच्या पुढे सरकवला आणि मोकळ्या रकान्यावर पेनाचं टोक टेकवलं. "सुरुवातीची तारीख लागेल. आठवते?" काजल थोडी लाजली आणि म्हणाली, "आठवते ना." "मग लिही," कामिनी म्हणाली, आणि पेन तिच्या हातात दिलं.